क्रू (ग्लायडिंग स्पर्धा)

ग्लायडिंग स्पर्धांमध्ये क्रू म्हणजे स्पर्धक वैमानिकाला जमिनीवरून साहाय्य करणारी व्यक्ती किंवा व्यक्तींचा लहान गट होय. ग्लायडरची जोडणी करणे, ते उड्डाणरेषेवर नेऊन उभे करणे, उड्डाणाच्या वेळी पंखाचे टोक धरणे आणि वैमानिक धावपट्टीपर्यंत परत न पोहोचता एखाद्या शेतात उतरला तर मोटार व ट्रेलर घेऊन त्याला परत आणणे ही क्रूची मुख्य कामे आहेत. हे काम बहुतेक ठिकाणी विनामोबदला केले जाते आणि ते प्रामुख्याने वैमानिकाचे कुटुंबीय करतात. पती किंवा पत्नी, आईवडील, मुले, भावंडे आणि क्लबातील मित्र एक ते दोन आठवडे स्पर्धेच्या विमानतळावर तंबूत किंवा कॅराव्हॅनमध्ये मुक्काम करतात. त्यामुळे अनेक देशांत ग्लायडिंग स्पर्धा ही एकाच वेळी क्रीडास्पर्धा आणि कौटुंबिक प्रवास असते.

एकआसनी ग्लायडरमध्ये वैमानिक एकटा असतो आणि पदक त्याच्याच नावावर नोंदले जाते. असे असले तरी हा खेळ एकट्याने खेळता येत नाही. जमिनीवरील साहाय्याचा स्पर्धेच्या निकालाशी संबंध असतो आणि वैमानिकाच्या जिवाशी त्याहून अधिक असतो.

पार्श्वभूमी

ग्लायडर हे इंजिनाविना उडणारे विमान आहे. ओढविमान किंवा जमिनीवरील विंच यांच्या साहाय्याने ते हवेत नेले जाते. दोर सुटल्यानंतर उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत (थर्मल), डोंगरउतारावर आदळून वर वळणारा वारा किंवा पर्वतांच्या आडोशाला निर्माण होणाऱ्या हवेच्या लाटा यांचा उपयोग करून वैमानिक उंची मिळवतो. मिळवलेली उंची खर्च करीत तो पुढचे अंतर कापतो. १५ मीटर पंखविस्ताराचे आधुनिक स्पर्धा-ग्लायडर शांत हवेत १ किलोमीटर उंचीवरून सुमारे ४५ किलोमीटर अंतर जाऊ शकते.

स्पर्धेत दररोज हवामान पाहून एक कार्य ठरवून दिले जाते. ठरलेल्या वळणबिंदूंना वळसा घालून कमीत कमी वेळात परत येणे, हे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. कार्याचे अंतर काहीशे किलोमीटर असू शकते. दिवसाच्या विजेत्याला साधारणपणे जास्तीत जास्त १००० गुण मिळतात व सर्व दिवसांच्या गुणांच्या बेरजेवरून अंतिम क्रम लागतो. वाटेतच ऊर्ध्वगामी हवा संपली, तर वैमानिकाला सुरक्षित जागा शोधून उतरावे लागते. अशा वेळी त्याला कापलेल्या अंतराचे गुण मिळतात. वेगाचे गुण मिळत नाहीत. याला मैदानाबाहेरील उतरण म्हणतात. ती अपघात मानली जात नाही. ती या खेळाचा अपेक्षित भाग आहे आणि क्रूची गरज मुख्यतः तिच्यामुळेच निर्माण झाली.

इतिहास

आरंभीचा काळ

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहामुळे जर्मनीतील इंजिनयुक्त विमानोड्डाणावर कडक निर्बंध आले. त्यामुळे तेथील तरुण, विद्यार्थी व अभियंते इंजिनरहित उड्डाणाकडे वळले. ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकाराने १९२० साली ऱ्होन पर्वतरांगेतील वास्सरकुप्पे या सुमारे ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर पहिली ग्लायडिंग स्पर्धा भरली. ती पुढे दरवर्षी भरू लागली.

त्या काळी ओढविमाने वापरात नव्हती. ग्लायडरच्या नाकाला रबरी दोर अडकवून साहाय्यकांच्या दोन रांगा तो दोर उतारावरून ओढत पळत आणि गलोलीतून खडा सुटावा तसे ग्लायडर हवेत झेपावे. खाली दरीत उतरलेले ग्लायडर पुन्हा डोंगरावर ओढून आणणे हे त्याहून कष्टाचे काम असे. एका उड्डाणाच्या काही मिनिटांसाठी अनेक माणसांना राबावे लागे. ग्लायडिंगमधील क्रूची परंपरा या दोर ओढणाऱ्या रांगांपासून सुरू झाली असे म्हणता येते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस वैमानिक थर्मलचा पद्धतशीर उपयोग करू लागले. १९२९ साली ऑस्ट्रियाचे रॉबर्ट क्रोनफेल्ड यांनी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली. डोंगराभोवती घिरट्या घालण्याचा खेळ आता दूरच्या प्रवासाचा खेळ बनला आणि साहाय्यकांना डोंगर सोडून रस्त्यावर यावे लागले. ग्लायडर सुटे करून वाहून नेणारा ट्रेलर हा त्यानंतर स्पर्धकाच्या सामानाचा अनिवार्य भाग झाला. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १९३० साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९३७ साली वास्सरकुप्पे येथे झालेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा ही पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मानली जाते. ती जर्मनीच्या हाइनी डिट्मार यांनी जिंकली.

युद्धोत्तर काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली स्वित्झर्लंडमधील सामेडान येथे जागतिक स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या. पुढील दोन दशके मुक्त अंतराच्या कार्यांची होती. वाऱ्याच्या दिशेने शक्य तितके दूर जाणे हेच अशा दिवशीचे उद्दिष्ट असे. परत येण्याचा प्रश्नच नसल्यामुळे प्रत्येक वैमानिक कोठेतरी शेतात उतरणार हे आधीपासून ठरलेले असे. ग्लायडर आकाशात दिसेनासे होताच क्रू रिकामा ट्रेलर मोटारीला जोडून वाऱ्याच्या दिशेने निघे.

त्या काळी संपर्काची साधने अपुरी होती. उतरलेला वैमानिक जवळच्या गावात चालत जाऊन दूरध्वनी शोधी व स्पर्धा कार्यालयाला आपला ठावठिकाणा कळवी. क्रू वाटेतल्या दूरध्वनीवरून ठरावीक अंतराने कार्यालयाकडे चौकशी करी. दोघांचा निरोप जुळेपर्यंत काही तास जात. ग्लायडर सुटे करून ट्रेलरमध्ये भरल्यानंतर रात्रभर मोटार चालवून सकाळच्या बैठकीपूर्वी विमानतळावर पोहोचावे लागे. कालांतराने मोटारीत रेडिओसंच बसवण्यात आले आणि वैमानिक व क्रू यांचा थेट संवाद होऊ लागला.

सरळ रेषेत किती दूर जाता येते, याची कल्पना विक्रमी उड्डाणांवरून येते. अमेरिकेच्या अल पार्कर यांनी १९६४ साली टेक्सासमधून उड्डाण करून प्रथमच १००० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर कापले. जर्मनीचे हान्स-वेर्नर ग्रोस १९७२ साली ल्युबेकहून निघून फ्रान्समधील बिआरित्झ येथे उतरले. हे अंतर १४६० किलोमीटर होते. ही उड्डाणे स्पर्धेतील नव्हती. परंतु ग्लायडर जितके दूर जाईल तितकाच प्रवास ते परत आणणाऱ्यांनाही करावा लागतो, हे त्यांतून दिसते.

ग्लायडरची क्षमता वाढत गेली तशी मुक्त अंतराची कार्ये गैरसोयीची ठरू लागली. रात्रभर जागलेला वैमानिक दुसऱ्या दिवशी दाटीने उडणाऱ्या ग्लायडरांमध्ये उडणार आणि तितकाच थकलेला क्रू अवजड ट्रेलर ओढत महामार्गावर असणार, ही स्थिती धोक्याची होती. हळूहळू सुरुवात व शेवट एकाच विमानतळावर असलेली कार्ये रूढ झाली.

क्रूची कामे

जोडणी आणि तपासणी

ग्लायडर ट्रेलरमध्ये सुट्या भागांत ठेवलेले असते. १५ मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरचा प्रत्येक पंख सुमारे साडेसात मीटर लांब असतो. धड बाहेर काढणे, दोन्ही पंख एकेक करून त्यात बसवणे, खिळी घालून ते पक्के करणे आणि शेपटीवरील आडवा भाग जोडणे हे काम दोन-तीन सरावलेली माणसे अर्ध्या तासाच्या आत करतात. पंखाचे टोक धरणाऱ्याला ते अगदी थोडे वरखाली करून खिळीची छिद्रे जुळवावी लागतात. वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्या पतिपत्नींना यासाठी फारसे बोलावेही लागत नाही. त्यानंतर सांध्यांवर चिकटपट्टी लावली जाते, पंख पुसून स्वच्छ केले जातात आणि वेग वाढावा म्हणून पंखांतील टाक्यांत पाणी भरले जाते. अनेक ग्लायडरांत दीडशे लिटरहून अधिक पाणी मावते. वैमानिकाला वाटेत ते सोडून देऊन वजन कमी करता येते.

जोडणीनंतर नियंत्रण-तपासणी होते. वैमानिक कॉकपिटमधून दांडा हलवतो आणि बाहेर उभी असलेली व्यक्ती पंखावरील व शेपटीवरील हलत्या पट्ट्या हाताने धरून विरोध करते. यामुळे पट्टी योग्य दिशेला हलते का आणि तिची जोडणी खरोखर घट्ट बसली आहे का, हे कळते. नियंत्रण-जोडणी राहून गेल्यामुळे जगभर प्राणघातक अपघात झाले आहेत. म्हणून जोडणी चालू असताना त्या व्यक्तींशी इतरांनी बोलू नये आणि मध्ये खंड पडल्यास तपासणी पहिल्यापासून करावी, असा संकेत बहुतेक क्लबांत पाळला जातो. मुलांनाही हा संकेत लहानपणीच शिकवला जातो.

उड्डाणरेषा

सकाळच्या बैठकीत हवामान व दिवसाचे कार्य जाहीर होते. त्यानंतर ग्लायडर मोटारीने ओढून धावपट्टीवर ठरवून दिलेल्या क्रमाने उभी केली जातात. वैमानिक नकाशे व उपकरणांत गुंतलेला असताना क्रू त्याच्यासाठी सावली, पाणी व जेवण यांची सोय करतो. उन्हाळ्यात बंद कॉकपिटमध्ये चार-पाच तास बसायचे असल्यामुळे पाण्याची कमतरता वैमानिकाच्या निर्णयशक्तीवर परिणाम करते.

ओढविमान पुढे आले की दोर जोडणे, आकाश व मागची बाजू मोकळी असल्याची खात्री करणे आणि पंखाचे टोक धरून काही पावले पळत जाणे ही कामे क्रूची असतात. ग्लायडर ढकलण्यासाठी शेपटीखाली लावलेले चाक उड्डाणापूर्वी काढणे अत्यंत आवश्यक असते. ते तसेच राहिल्यास ग्लायडरचे वजन मागे जाऊन तोल बिघडतो. ते चाक काढल्यानंतर वैमानिकाला दिसेल असे उंच धरून दाखवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.

परत आणणे

वैमानिक शेतात उतरल्यावर त्याचा निरोप येताच क्रू ट्रेलर घेऊन निघतो. शेताचा मालक शोधणे, त्याची परवानगी घेणे, उभ्या पिकाचे कमीत कमी नुकसान होईल अशा वाटेने ट्रेलर आत नेणे आणि निघताना फाटक पूर्वी होते तसे बंद करणे हे या कामाचे अलिखित नियम आहेत. शेतकऱ्याशी सौजन्याने वागण्यावर क्लब विशेष भर देतात, कारण त्याच शेतात पुढे दुसऱ्या एखाद्याला उतरावे लागू शकते. शेतात गुरे असतील तर ग्लायडरजवळ कोणीतरी थांबणे आवश्यक असते.

अंधारात, चिखलात किंवा पावसात ग्लायडर सुटे करण्याचे काम कठीण असते. क्लबांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या आठवणींत विजयांपेक्षा अशा रात्रींचाच भरणा अधिक असतो. जवळ योग्य धावपट्टी असल्यास ओढविमान पाठवूनही ग्लायडर परत आणता येते.

कुटुंबाचा सहभाग

उत्तर गोलार्धात थर्मलचा मुख्य हंगाम वसंत व उन्हाळा असतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये तो डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतो. दोन्हीकडे मोठ्या स्पर्धा शाळांच्या सुट्ट्यांच्या काळात येऊ शकतात. त्यामुळे अनेक कुटुंबांची वार्षिक सुट्टी स्पर्धेच्या वेळापत्रकाप्रमाणे आखली जाते. ब्रिटनमधील राष्ट्रीय स्पर्धा साधारणपणे नऊ दिवस चालतात. जागतिक स्पर्धा सरावाचे दिवस धरून सुमारे तीन आठवडे व्यापतात.

जागतिक स्पर्धांच्या स्थळांपैकी बरीच ठिकाणे लहान गावांजवळ आहेत. पोलंडमधील लेश्नो, इटलीतील रिएती, अमेरिकेतील हॉब्ज व युवाल्डे, ऑस्ट्रेलियातील वायकेरी व बेनाला आणि न्यूझीलंडमधील ओमारामा ही त्यांची उदाहरणे होत. मोकळी जमीन, कमी हवाई वाहतूक व चांगले थर्मल ही या स्थळांची वैशिष्ट्ये असतात. कुटुंबासाठी मात्र तेथे करमणुकीची साधने मोजकीच असतात. विमानतळाच्या कडेला उभारलेली तात्पुरती वसाहत हेच मुलांचे गाव बनते. पावसामुळे उड्डाणे रद्द झालेल्या दिवशी सामूहिक स्वयंपाक, खेळ व सहली होतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एका संध्याकाळी प्रत्येक देशाचा संघ आपापल्या देशातील खाद्यपदार्थ इतरांना देतो.

कुटुंबीय क्रूची काही उदाहरणे ग्लायडिंगच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. ब्रिटनचे फिलिप विल्स यांनी १९५२ साली माद्रिद येथील जागतिक स्पर्धेत खुल्या गटाचे विजेतेपद मिळवले. त्यांच्या पत्नी किटी विल्स या त्यांच्या क्रू म्हणून ओळखल्या जात. अमेरिकेचे जॉर्ज मॉफॅट हे पेशाने इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांनी १९७० साली मार्फा व १९७४ साली वायकेरी येथे खुल्या गटात विजेतेपद मिळवले. त्यांच्या पत्नी सुझॅन याही त्यांच्यासोबत क्रूचे काम करीत.

कुटुंबातून पुढील पिढी खेळात येण्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. जर्मन ग्लायडर-रचनाकार व स्पर्धक क्लाउस होलिगहाउस यांचे पुत्र टिलो हेही स्पर्धक वैमानिक झाले. पोलंडचे सेबास्तियान कावा यांनी अनेक वेळा जागतिक विजेतेपद मिळवले आहे. त्यांचे वडील टोमाझ हेही ग्लायडर वैमानिक होते. ट्रेलरच्या मागच्या बाजूला खिळी पुसून देणारे मूल काही वर्षांत पंखाचे टोक धरू लागते व वयात आल्यावर स्वतः उडायला शिकते, हा क्रम अनेक क्लबांत दिसतो. तरुणांसाठी १९९९ सालापासून स्वतंत्र जागतिक कनिष्ठ स्पर्धा भरवल्या जातात.

स्त्रियांचा सहभाग

दीर्घकाळ क्रू म्हणून काम करणाऱ्यांत पत्नींचे प्रमाण मोठे राहिले. पतीने उडावे आणि पत्नीने ट्रेलर ओढावा, ही विभागणी गृहीत धरली जाई. स्वयंपाक, मुलांची देखभाल आणि रात्रीचे मोटार चालवणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे येत. निकालपत्रकात तिचे नाव क्वचितच असे.

याच काळात स्वतः उडणाऱ्या स्त्रियाही होत्या. जर्मनीच्या हाना राइट्श यांनी १९३७ सालच्या वास्सरकुप्पे येथील स्पर्धेत भाग घेतला होता. पोलंडच्या पेलागिया मायेव्स्का यांनी अनेक जागतिक विक्रम नोंदवले. ब्रिटनच्या ॲन वेल्च यांनी प्रशिक्षण व संघव्यवस्थापन या क्षेत्रांत मोठे काम केले. स्त्रियांच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा २००१ सालापासून भरू लागल्या. या स्पर्धांमध्ये पतीने किंवा वडिलांनी क्रूचे काम करणे ही सामान्य गोष्ट आहे. काही दांपत्यांत दोघेही स्पर्धक असून एका स्पर्धेत एकाने उडावे व पुढच्या स्पर्धेत दुसऱ्याने, अशी पाळी ठरवली जाते.

जोखीम आणि प्रतीक्षा

ग्लायडिंग स्पर्धांना आरंभापासून अपघातांची पार्श्वभूमी आहे. १९२० सालच्या पहिल्याच स्पर्धेत ऑयगेन फॉन लोस्ल हे वैमानिक मृत्युमुखी पडले. त्या काळातील अग्रगण्य वैमानिक ग्युंटर ग्र्योनहोफ यांचा १९३२ सालच्या ऱ्होन स्पर्धेत मृत्यू झाला. १९४८ साली सामेडान येथे दोन ब्रिटिश स्पर्धक आल्प्समध्ये दगावले. त्यांपैकी क्रिस्टोफर निकल्सन हे नामांकित वास्तुविशारद होते. एकाच थर्मलमध्ये अनेक ग्लायडर फिरत असताना होणारी टक्कर, डोंगराच्या फार जवळून केलेले उड्डाण आणि शेत निवडण्यास झालेला उशीर ही अपघातांची प्रमुख कारणे आहेत.

क्रूसाठी ही जोखीम प्रतीक्षेच्या रूपाने येते. बहुतेक ग्लायडर परतल्यानंतरही एखादे आले नाही, तर त्याचे तीन अर्थ संभवतात: वैमानिक अजून उडत आहे, शेतात उतरला आहे पण संपर्क होत नाही किंवा अपघात झाला आहे. पहिल्या दोन शक्यता कितीतरी अधिक असतात. तरीही निरोप येईपर्यंत तिसरी शक्यता मनातून जात नाही. म्हणून उतरल्यावर सर्वप्रथम आपण सुखरूप असल्याचे कळवणे हे वैमानिकाचे कर्तव्य मानले जाते आणि उतरल्याची सूचना कार्यालयाला देणे स्पर्धेच्या नियमांनुसार बंधनकारक असते. ठरावीक वेळेपर्यंत निरोप न आल्यास स्पर्धेचे संचालक शोधकार्य सुरू करतात. अशा वेळी वैमानिकाचा शेवटचा रेडिओ-संदेश, सोबत असलेले पाणी, त्याच्या सवयी व मोटारीच्या किल्ल्या यांची माहिती क्रूकडेच असते.

वैमानिकाच्या मनःस्थितीची जाण ही क्रूची आणखी एक महत्त्वाची भूमिका आहे. आदल्या रात्रीची अपुरी झोप, आजारपण किंवा निराशा जवळच्या माणसाला लवकर कळते. त्या दिवशी उडू नये, हे सांगण्याचा अधिकार नियमाने क्रूला दिलेला नाही. तो नात्यामुळे मिळालेला असतो. दुसरीकडे, कुटुंबाने यासाठी आपली सुट्टी व पैसा खर्च केला आहे, या जाणिवेने वैमानिकावर दडपण येऊन तो नको तेवढी जोखीम पत्करण्याची शक्यताही असते. म्हणून उतरण्याचा निर्णय वेळेत घेणाऱ्या वैमानिकाला क्रूने ट्रेलर आणावा लागल्याबद्दल दोष देऊ नये, असे अनुभवी स्पर्धक सांगतात. शेतातून सुखरूप परत आणलेले ग्लायडर दुसऱ्या दिवशी पुन्हा उडू शकते.

तंत्रज्ञानामुळे झालेले बदल

गेल्या काही दशकांत क्रूचे काम बरेच बदलले आहे. पूर्वी वळणबिंदू गाठल्याचा पुरावा म्हणून वैमानिक छायाचित्रे काढीत व परतल्यावर चित्रफीत धुऊन तपासली जाई. आता उपग्रहाधारित नोंदयंत्र संपूर्ण उड्डाणमार्ग साठवते. मोबाइल दूरध्वनीमुळे उतरल्याचे ठिकाण अक्षांश-रेखांशासह कळवता येते. टक्कर टाळण्यासाठी फ्लार्म हे इशारायंत्र सर्वत्र वापरात आले आहे. थेट मागोवा घेण्याच्या प्रणालीमुळे घरी राहिलेल्या कुटुंबीयांनाही ग्लायडर नकाशावर दिसते. स्पर्धकांना त्याचा अनुचित लाभ मिळू नये म्हणून मोठ्या स्पर्धांत ही माहिती काही मिनिटांच्या विलंबाने दाखवली जाते.

सर्वांत मोठा बदल साहाय्यक इंजिनाने घडवला. अनेक आधुनिक ग्लायडरांत धडाच्या आत मिटवून ठेवता येणारे लहान इंजिन किंवा नाकावर विद्युत-मोटार असते. थर्मल संपल्यास वैमानिक ती सुरू करून परत येतो. गुणांच्या दृष्टीने इंजिन सुरू केलेले ठिकाण म्हणजे उतरण मानली जाते. यामुळे रात्रीचे प्रवास कमी झाले आहेत आणि एकहाती ओढता येणाऱ्या साधनांमुळे काही वैमानिक क्रूविनाच स्पर्धेला येऊ लागले आहेत. एका क्रूने दोन-तीन वैमानिकांचे काम पाहणे किंवा स्पर्धकांनी एकमेकांना परत आणणे हेही रूढ झाले आहे.

इंजिन हमखास सुरू होईलच असे नसते. म्हणून उतरण्याजोगे शेत आधी हेरून ठेवावे व मगच इंजिन सुरू करावे, अशी शिकवण दिली जाते. क्रूची गरज कमी झाल्याने खर्च व दगदग वाचली, हे खरे आहे. त्याचबरोबर कुटुंबाला स्पर्धेत सामील करून घेणारे एक कारणही कमी झाले. अनेक देशांतील क्लबांना नव्या सदस्यांची चणचण भासत आहे आणि ट्रेलरभोवती वाढलेल्या मुलांमधूनच नवे वैमानिक मिळत असत, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची ठरते.

भारतातील स्थिती

भारतात ग्लायडिंगचा प्रसार मर्यादित आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळ हडपसर येथे नागरी विमानवाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र असून तेथे अनेक पिढ्यांनी प्रशिक्षण घेतले आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील विद्यार्थ्यांनाही ग्लायडिंगची ओळख करून दिली गेली आहे. देशात रचना झालेल्या ग्लायडरांना अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर व आर्द्रा अशी नक्षत्रांवरून नावे देण्यात आली. त्यांपैकी रोहिणी हे दोनआसनी ग्लायडर प्रशिक्षणासाठी सर्वाधिक परिचित आहे.

भारतातील उड्डाणे प्रामुख्याने विंचच्या साहाय्याने व केंद्राच्या परिसरातच होतात. त्यामुळे ट्रेलर घेऊन दूरच्या स्पर्धांना जाण्याची, पर्यायाने कुटुंबीय क्रूची, परंपरा येथे रुजलेली नाही. पंखाचे टोक धरून पळणे, दोर जोडणे आणि उतरलेले ग्लायडर ढकलत परत आणणे ही कामे मात्र येथील प्रशिक्षणार्थीही आळीपाळीने करतात. क्रूचे काम शिकल्याशिवाय उड्डाण शिकता येत नाही, ही ग्लायडिंगमधील सार्वत्रिक रीत येथेही पाळली जाते.